सरांचा हवेचा फळा

रामराम करायचं सोडून "वारा कुठून?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तुम्ही एसटीतून उतरा, दवाखान्यातून या, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला त्यांच्या दारात जा, सर आधी वारा विचारणार. बायांनी यावर इलाज शोधला होता. सर लांबून दिसले की त्याच आधी ओरडायच्या, "पूर्वेकडून हाय सर!" वारा कसाही असो, उत्तर तेच. सर थांबायचे, हॉटेलच्या धुराकडं बघायचे आणि मान हलवायचे. "आग्नेय हाय. अंदाजपंचे बोलू नका. जावा."

आमचं गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या बाजाराला जाणारं. मांजरा धरणाचं पाणी जवळ, त्यामुळं ऊस भरपूर आणि थंडीत धुकंही भरपूर. एसटी थांब्यावर एक हॉटेल, हॉटेलसमोर माझ्या वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान, आणि हॉटेलच्या भिंतीवर सरांचा फळा. आता त्या फळ्यावर सोयाबीनचा भाव लिहितात. सर मुलाकडं नाशिकला गेले त्याला दोन पावसाळे झाले. गावी गेले की मी त्या भिंतीकडं बघायचं टाळते, पण डोळे जातातच.

सरांनी उभी नोकरी परमुलखात काढली. विमान शिकणाऱ्या पोरांना हवामान शिकवायचे. स्वतः कधी विमान चालवलं नाही. गावाला हे काही केल्या पटत नसे. हॉटेलात कुणीतरी हटकून विचारायचं, "सर, तुमी पायलट व्हते ना?"

"न्हाई बे. पायलटाला आज गुमान बसून ऱ्हा म्हणून सांगायचं, ते माझं काम व्हतं."

"मंग तो ऐकायचा का?"

"न ऐकणारे लई भेटले. त्यातले काही पुन्हा भेटले न्हाईत." एवढं बोलून सर बशीतला चहा फुंकायचे.

निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी शाळेनं टाकून दिलेला एक फळा मागून आणला आणि हॉटेलच्या भिंतीला ठोकला. शेजारी खडूसाठी पत्र्याचा डबा. सकाळी उजाडलं की सर ओल्या फडक्यानं फळा पुसणार आणि आजची हवा लिहिणार. वारा, आभाळ, दुपारी किती तापेल, धुकं असेल तर कधी विरेल. यात नवल काही नाही, असले अंदाज मोबाईलवर ढिगानं येतात. नवल संध्याकाळी असायचं. दिवेलागणीला सर पुन्हा यायचे, सकाळी स्वतःच लिहिलेलं वाचायचे आणि त्याच्या बाजूला एकच शब्द लिहायचे. "बरोबर" किंवा "चुकलं." मग दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पुसून नवीन.

चुकलं हा शब्द त्या फळ्यावर काही कमी वेळा आला नाही. पोरं टाळ्या पिटायची. "सर आज गेले!" म्हणायची. सरांना त्याचं काहीच नसे. कुणी म्हणालं, "कावून लिवता सर, कोण बघतंय?" तर म्हणायचे, "मीच बघतोय की."

त्यांच्यासमोर एक गोष्ट बोलायची सोय नव्हती. "आज हवा खराब हाय" असं कुणी म्हणालं, की झालं. "हवेनं तुमचं काय बिगडवलं? हवा खराब नसती, हवा जशी असती तशी असती. आपली तयारी खराब असती." हे ते सरपंचालाही सुनवायचे आणि शेळ्या वळणाऱ्या म्हातारीलाही. एकदा देवळात कीर्तनकार बुवा सुरुवातीलाच म्हणाले, की हवा खराब असूनही मंडळी जमली, तर सर तिथंच उभे राहिले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बायांच्या घोळक्यातून येऊन त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. अख्ख्या नोकरीत आपण खराब हा शब्द हवेला लावला नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. मला तेव्हा हसू यायचं. आज येत नाही.

काकू मात्र खरंच बेजार होत्या. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून सरांनी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, बांबू रोवून त्याला काकूंचं लुगडं फाडून पट्टी बांधली होती, आणि ते जुनंच होतं की नाही यावर त्यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालू होता. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानात वावटळ उठली की लोक तोंड फिरवतात. सर छत्री घेऊन तिच्यात शिरायला गेले. आत हवा वर कशी चढते ते बघायचं होतं म्हणे. छत्री वर चढली, ती पुन्हा मिळाली नाही. मयतीला तर लोक त्यांना मागंच ठेवायचे. कारण एका थंडीतल्या सकाळी सरणाचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला, आणि सर शेजारच्या रडणाऱ्या माणसाला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघितलं का? वर गरम हवेचं झाकण हाय. धूर अडकला." तो माणूस मेलेल्याचा सख्खा भाऊ होता.

पण गावानं सरांना खरं ओळखलं ते हेलिकॉप्टरमुळं.

गावचे पुढारी तात्या. त्यांच्या पुतणीच्या लग्नात नवरी हेलिकॉप्टरनं न्यायचं ठरलं. आमच्याकडं हल्ली ही हौस फार आहे. शाळेच्या मैदानात चुन्यानं गोल काढला, त्यात एच लिहिला, पाणी मारून धूळ बसवली, आणि पंचक्रोशी लोटली. सर थेट पायलटपाशी गेले, दोघं इंग्रजीत काहीतरी बोलले. सरांनी उत्तरेला कोबीच्या गड्ड्यासारखा वर चढणारा ढग दाखवला. पायलटानं घड्याळ बघितलं आणि तात्यांना सांगितलं, आत्ता निघायचं तर चला, नाहीतर उद्या. मग काय विचारता! नवरीला अर्ध्या जेवणावरून उठवलं. तिची आई घास हातात घेऊन मागं पळतेय, करवल्या रडतायत, फोटोवाला ओरडतोय. हेलिकॉप्टर गेलं.

आणि नंतर काहीच झालं नाही. ढग आला तसा विरून गेला. थेंब नाही, वारा नाही, वीज नाही. लख्ख ऊन. वऱ्हाड जेवत होतं आणि येणारा जाणारा सरांना विचारत होता, "सर, छत्री देऊ का?"

संध्याकाळी सरांनी फळ्यावर नेहमीपेक्षा मोठं लिहिलं. चुकलं. तात्यांचा एक कार्यकर्ता दारू पिऊन आला होता, तो भर चौकात म्हणाला, "सर, एवढ्या मान्सांत तमाशा केला, लाज न्हाई वाटली का?"

"वाटली की. म्हणून तर लिवलं," सर म्हणाले. "न लिवता लाज वाटली असती तर ती घरी आली असती माझ्यासंगं. जेवायला बसली असती."

मी तेव्हा बारावीत होते, आण्णांच्या दुकानात बसून हे ऐकत होते. मला वाटलं, म्हातारा येडा आहे. मी तर गणितात दोन मार्क कमी पडले तरी पेपर गादीखाली लपवणारी पोरगी.

तर आता माझं. सांगायला तोंड नाही, पण त्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

मी विमान शिकायला मध्य प्रदेशात गेले. पहिल्यांदा एकटीनं विमान उडवलं त्या दिवशी पांढऱ्या शर्टातला फोटो आण्णांना पाठवला. आण्णांनी तो तात्यांना दाखवला, आणि चौथ्या दिवशी थांब्यावर फ्लेक्स लागला. "गावची पहिली महिला पायलट! हार्दिक अभिनंदन!" मधोमध तात्या हात जोडून, कोपऱ्यात मी, आणि मागं दोनशे माणसं बसतील असलं जेट. मी उडवत होते ते विमान दोन सीटचं, आमच्या जीपपेक्षा लहान. फ्लेक्स नेमका हॉटेलच्या भिंतीवर, फळ्याच्या बरोब्बर वर. आईनं फोनवर सांगितलं, "आण्णा रोज दुकान उघडायच्या आधी त्याच्यावरची धूळ पुसत्यात गं."

पायलट व्हायला नुसतं उडवून भागत नाही, लेखी पेपरही असतात. बाकीचे माझे सुटले. हवामानाचा राहिला. पुन्हा दिला, पुन्हा राहिला. हवामान! ज्या गावात सरांसारखा माणूस रोज फुकट हवामान लिहितो, त्या गावची मी. विमानाच्या शाळेनं सांगितलं, आधी पेपर काढ, मग पुढचं उड्डाण. मी बॅग भरली आणि घरी आले. एसटीतून उतरले तर हॉटेलातून आवाज आला, "ओ पायलटबाई! सुट्टी का काय?"

वर माझा फोटो, खाली मी. समोरून आण्णा दुकानातून हातातलं तांब्याच्या तारेचं बंडल टाकून हसत येतायत. मी म्हणाले, "तिकडं हवा लई खराब हाय. धुकं पडलंय. फ्लाइंग बंद हाय."

हॉटेलच्या बाकावर सर बसले होते, ते मला दिसलेच नाहीत. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "वारा कुठून?"

"आत्ताच उतरले हो सर," मी फणकारले. सर काही बोलले नाहीत. हवेला खराब म्हटलं तरी बोलले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आण्णांनीच मला त्यांच्याकडं पाठवलं. "रिकामी बसू नको. सरांकडं जात जा, तिकडं धुकं निवळंस्तवर." मी धाब्यावर गेले. लुगड्याची पट्टी फडफडत होती. सरांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. विमानतळं दर तासाला आपली हवा जाहीर करतात, ती त्यावर होती. माझ्या विमानतळाची.

"सहा हजार मीटरपर्यंत दिसतंय. ढग न्हाई," सर म्हणाले. "कालबी हेच व्हतं. परवाबी. खोटं कावून बोललीस?"

मला संताप आला. सापडलेल्या माणसाला येतो तसा. "तुम्हाला काय करायचंय सर?"

"मला काय करायचंय! हवेवर आळ घेतलास, म्हणून इचारलं." मग मोबाईल खिशात टाकून त्यांनी विचारलं, "कोणता पेपर?"

मी खाली बघून सांगितलं. इतक्या हळू की त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तो शब्द मला दोनदा उच्चारावा लागला. सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"आण्णांना सांगू नका," मी म्हणाले.

"मी मान्साचं सांगत न्हाई. हवेचं इचारलं तर हवेचं सांगतो. बस खाली."

अशी शिकवणी सुरू झाली. तयार प्रश्नांचं जाडजूड पुस्तक मी नेलं होतं, ते त्यांनी काकूंना पीठ चाळताना खाली अंथरायला दिलं. दवबिंदू समजावा म्हणून मला हॉटेलात नेलं, स्टीलच्या गिलासात पाणी घेतलं आणि बर्फाचे खडे टाकत बसवलं. गिलासाला बाहेरून घाम फुटेपर्यंत उठायचं नाही. हॉटेलवाला बर्फ संपतोय म्हणून शिव्या देत होता. घाम फुटला तेव्हा सर म्हणाले, "बाहेरची हवा इतकी गार झाली की तिला पाणी सांभाळवंना. रात्री समद्या शिवारात हेच झालं की धुकं. आता सांग, फ्लाइंग कवा बंद ठिवायचं?" दोन पेपरांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या गिलासानं शिरलं. पण फ्लाइंग बंद हा शब्द त्यांच्या तोंडून आला की माझे कान तापायचे, आणि मला वाटतं त्यांना ते ठाऊक होतं.

एकदा उंची दाखवणाऱ्या काट्याचा धडा होता. विमानातला तो काटा खरं म्हणजे हवेचा दाब मोजतो. जास्त दाबाच्या मुलखातून कमी दाबाच्या मुलखात गेलात आणि काटा नवीन दाबावर लावून घेतला नाही, तर तो तुम्हाला आहात त्यापेक्षा वर दाखवतो. तुम्ही निर्धास्त, आणि खाली डोंगर जवळ आलेला. मी हे फडाफडा म्हणून दाखवलं. सरांनी मला धाब्याच्या कडेला नेलं. तिथून थांबा दिसायचा. त्यांनी फ्लेक्सकडं बोट केलं.

"त्यो तुजा काटा. गावानं लावलाय. वर दाखवतोय."

"पायलटानं काय करायचं असतं?" त्यांनी विचारलं. उत्तर पुस्तकात होतं, मला येतही होतं. काटा आपल्या हातानं खाली घ्यायचा. मी म्हणाले, "उद्या सांगते सर," आणि जिना उतरले. आता रोज कॉकपिटमध्ये बसल्यावर तो काटा लावते, आणि रोज एक क्षण माझे कान तापतात. शेजारी बसणाऱ्याला वाटतं मी फार काटेकोर आहे.

मग सव्वीस जानेवारी आली. तात्यांनी झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठेवला. मी आईला म्हणाले, मला बरं नाही. आई म्हणाली, "आण्णांनी फेटा आणलाय. सोताला." मी गेले. जायला नको होतं, पण गेले.

पहाटे दाट धुकं होतं, झेंड्याचा खांब अर्धाच दिसत होता. सरांच्या फळ्यावर लिहिलेलं होतं: धुकं नऊपर्यंत विरेल, दिवसभर निरभ्र, वारा मंद, ईशान्येचा. नऊला ऊन पडलं. मला खुर्चीवर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. समोर पहिल्या रांगेत आण्णा, डोक्याला केशरी फेटा, मोबाईल वर धरून व्हिडिओ काढतायत. हात अवघडला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

तात्यांनी माईक धरला. "आपली लेक विमान उडवती! पर सध्या तिकडं हवा लई खराब हाय, म्हणून ती आपल्यात हाय. आपलं नशीब! न्हाईतर एवढी मोठी पायलट सत्काराला सापडली असती का?" टाळ्या. माझं खोटं स्पीकरवरून पार नदीपर्यंत गेलं. मला वाटलं एवढ्यावर निभावेल. पण तात्यांना भाषणात कुणालातरी ओढायची खोड. "अन् हे आपले सर! हवेतले मास्टर. समद्या मुलखाची हवा यांच्या मोबाईलात. सर, या, या. सांगा लोकाला, तिकडं कशी हवा हाय ती."

सर उठले. चालत माईकपर्यंत आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, वर झेंड्याकडं पाहिलं. "वारा पडलाय," ते म्हणाले. लोक हसले.

"हितली न्हाई सर, तिकडची!" तात्या म्हणाले.

हवेचं विचारलं तर हवेचं सांगतो, हे मला ठाऊक होतं. मी शालीचं टोक मुठीत धरून बसले. आता सांगतील, सहा हजार मीटर, ढग नाही. उठून मीच बोलावं, असं एकदा मनात आलंही. पण मी उठले नाही. शपथेवर सांगते, त्या वेळी मी देवाला एवढंच म्हणत होते की म्हातारा माईकवर पडू दे, लाईट जाऊ दे, काहीही होऊ दे.

सरांनी एकदा आण्णांकडं बघितलं. मोबाईलमागचा तो फेटा, ते फुललेलं तोंड. मग घसा खाकरला.

"खराब हाय," सर म्हणाले. "हवा लई खराब हाय तिकडं."

आणि खाली जाऊन बसले. लोकांना त्यात काहीच वाटलं नाही. काकू तेवढ्या चमकल्या, त्यांनी वळून नवऱ्याकडं पाहिलं. मला दरदरून घाम फुटला, भर थंडीत. सुटले म्हणून आनंद व्हायला हवा होता ना? मला ती शाल अंगावर नको झाली.

त्या दिवशी आभाळ निरभ्र राहिलं, वारा ईशान्येचा आणि मंद. सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं. दिवेलागणीला मी आण्णांच्या दुकानात बसले होते. सर आले, फळा वाचला, डब्यातून खडू काढला आणि लिहिलं: चुकलं.

हॉटेलवाला ओरडला, "सर, चष्मा लावा! समदं बरोबर आलं की आज. धुकंबी नऊलाच गेलं."

"एक चुकलं," सर म्हणाले. खडू डब्यात टाकला आणि हळूहळू घराकडं गेले. ते रस्त्यात एकदाही वर बघायला थांबले नाहीत.

मी किती वेळ बसले कोण जाणे. आण्णा मोटारीत तार भरत होते, मधून मधून सत्काराचा व्हिडिओ लावत होते, आणि दर वेळी सरांचा आवाज यायचा: खराब हाय. तिसऱ्यांदा तो आवाज आला आणि मी उठले. रस्ता ओलांडला. हॉटेलात माणसं होती, त्यांच्यादेखत ओढणीनं ते चुकलं पुसलं आणि तिथं बरोबर लिहिलं. खाली जागा होती. माझं अक्षर शाळेत असताना फार सुंदर होतं, त्या दिवशी ते शेणानं सारवल्यासारखं आलं. "तिकडची हवा स्वच्छ आहे. मी हवामानाच्या पेपरात नापास झाले आहे. दोनदा."

कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. "आरं बाप्पा!" कुणी म्हणालं, आणि कुणीतरी फिसकन हसलं. मागं वळले तर आण्णा उभे. हातात तार तशीच.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"दोनदा?"

"हो आण्णा."

त्यांनी वरचा फ्लेक्स बघितला, खालचा फळा बघितला. मग दुकानात गेले, शटर ओढलं आणि माझी वाट न बघता घरी गेले. जेवताना बोलले नाहीत. आईनं वाढलेली भाकरी अर्धी ठेवून उठले. लाज घरी येते आणि जेवायला बसते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. ओरडले असते, दोन मुस्काटात दिल्या असत्या, तरी मी खाल्ल्या असत्या.

सकाळी उजाडायला फळ्यापाशी गेले. सर आधीच आले होते. काल लिहिलेलं सगळं ते उभ्या उभ्या वाचत होते.

"सर, तुमी कावून खोटं बोललात?" मी विचारलं.

"तुजा बाप मोबाईल धरून उभा व्हता," सर म्हणाले. "त्याच्या तोंडाकडं बघितलं अन् माझं इमान गेलं. बघायला नको व्हतं." हे ते इतकं साधेपणानं बोलले, की मला त्यांच्या पाया पडायची लाज वाटली. पडून काय, त्यांचं गेलेलं परत येणार होतं?

त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि पुसायला लागले. माझं नापास, त्यांचं बरोबर, धुकं, वारा, सगळं एकाच हातासरशी. मला वाटलं होतं निदान माझी ओळ दिवसभर ठेवतील. त्यांच्या लेखी ती कालची होती. फळा काळा झाल्यावर त्यांनी खडू माझ्यापुढं धरला.

"वारा कुठून?"

मी हॉटेलच्या धुराकडं बघितलं. "ईशान्य."

"आन् दिवसभर?"

मी आभाळ बघितलं. पश्चिमेला अगदी वर पांढरे धागे होते, पिंजलेल्या कापसासारखे. मला ते दिसले आणि मी त्यांना मोजलं नाही. "निरभ्र," मी म्हणाले. "पाऊस नाही."

सरांनी एकदा पश्चिमेकडं पाहिलं. "लिव," एवढंच म्हणाले.

समोर आण्णांनी दुकान उघडलं होतं. फ्लेक्सची धूळ त्या दिवशी त्यांनी पुसली नाही. दिवसभर येणारा जाणारा माझ्याकडं बघून जात होता, आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून होते, कारण घरी बसणं त्याहून अवघड होतं. दुपारी धागे दाट झाले. ऊन मळकट झालं. चारच्या सुमाराला टप टप थेंब आले, जानेवारीत! फार नाही, पण ज्वारीवाल्यांनी झाकायला ताडपत्री काढण्याइतके. दोन थेंब फळ्यावर, माझ्या "पाऊस नाही" वरून ओघळले. हॉटेलात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली.

दिवेलागण झाली. सर बाकावर बसले होते, उठले नाहीत. खडूच्या डब्याकडं फक्त बघितलं. मी रस्ता ओलांडला. सगळं हॉटेल बघत होतं, वरून माझाच फोटो बघत होता. कालपेक्षा आज हात जास्त जड होता. काल रागाच्या भरात लिहिलं होतं, आज नुसतंच लिहायचं होतं. कोपऱ्यात, लहानशा अक्षरात मी लिहिलं, चुकलं.

मागून, रस्त्यापलीकडून, आण्णांचा आवाज आला. कालपासूनचा पहिला.

"मोठं लिव की. हिथून दिसंना."